शिळ्या चिकनला दोष देण्याआधी घड्याळ बघा

'डॉक्टर, काल रात्रीचं रोस्ट चिकन उरलंय. ठेवू की फेकू?' सोमवारी सकाळी हा प्रश्न मला हमखास येतो. मी उलट विचारतो, 'रात्रभर ते होतं कुठे?' बहुतेकांना हे विचारणं विचित्र वाटतं. त्यांना 'ठेवा' किंवा 'फेका' एवढंच ऐकायचं असतं. पण माझ्या दृष्टीनं सगळं उत्तर त्या एका प्रश्नात आहे. चिकन कालचं आहे की आजचं, याला फारसा अर्थ नाही. शिजल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत त्याचे किती तास गेले, याला आहे.

आपल्याकडे या बाबतीत दोन पक्ष आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला पक्ष व्हॉट्सॲपवरचा. 'शिळं अन्न म्हणजे विष', 'फ्रिज म्हणजे घरातलं शवागार', 'मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवली की घरात भूतबाधा होते' असे मेसेज या पक्षाचे. खाली 'जनहितार्थ' लिहिलेलं असतं आणि लेखकाचं नाव नसतं. या पक्षाचं ऐकून माणसं नीट ठेवलेलं, उत्तम चिकन कचऱ्याच्या डब्यात टाकतात.

दुसरा पक्ष बहाद्दरांचा. 'आम्ही लहानपणापासून असंच खातोय, काही झालं नाही.' या घरांत चिकनचं पातेलं रात्री ओट्यावर झाकून ठेवतात, सकाळी एक उकळी आणतात आणि दुपारी जेवतात. बहुतेक वेळा काही होत नाही हे खरं. सिग्नल तोडणाऱ्यालाही बहुतेक वेळा काही होत नाही.

पहिला पक्ष सुरक्षित अन्न फेकतो, दुसरा असुरक्षित अन्न खातो. दोघांनीही एकच गोष्ट बघितलेली नसते, ती म्हणजे घड्याळ.

रात्रभर ओट्यावर नेमकं काय होतं?

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. भाजताना मांसाच्या सर्वात जाड भागाचं तापमान ७४-७५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की ते मरतात. मग शिजलेल्या चिकनमध्ये जंतू येतात कुठून? तीन वाटांनी.

पहिली वाट आतूनच. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू बीजाणूच्या रूपात राहू शकतो. बीजाणू म्हणजे चिलखत घालून झोपलेला जंतू. तो शिजवण्याच्या उष्णतेत मरत नाही. पातेलं हळूहळू कोमट होत गेलं की जागा होतो आणि वाढू लागतो. चाळीसेक अंशांचा कोमट रस्सा त्याला फार मानवतो. तिथं तो साधारण १० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणून मोठ्या पातेल्यातला मटणाचा रस्सा, कोंबडीच्या हाडांचं सूप, लग्नाच्या पंगतीतलं चिकन ही त्याची आवडती ठिकाणं.

दुसरी वाट आपल्या हातांची. स्टॅफिलोकॉकस हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. जेवण झाल्यावर गप्पा मारत आपण हाडांवरचं उरलेलं मांस बोटांनी सोडवतो, तेव्हा तो त्यात उतरतो. बोटाला चिरलेलं असेल, फोड असेल तर जास्तच.

तिसरी वाट सुरी आणि पाटाची. ज्या पाटावर कच्ची कोंबडी कापली, त्याच पाटावर न धुता शिजलेली कोंबडी कापली की भाजण्याची सगळी मेहनत वाया जाते.

आता गणित करा. अनुकूल तापमानात अनेक जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. रात्री ११ वाजता चिकनवर एकच जंतू आहे असं धरा. सकाळी ६ वाजता ७ तास झाले, म्हणजे तो २१ वेळा दुप्पट झाला. एकाचे झाले सुमारे २० लाख ९७ हजार. तुम्ही झोपला होतात, ते नव्हते झोपले.

'पण आम्ही उकळून खातो ना!'

दुसऱ्या पक्षाचं हे ब्रह्मास्त्र. ते अर्धंच चालतं. उकळल्यानं जंतू मरतात. पण स्टॅफिलोकॉकसनं रात्रभरात तयार केलेलं विष उकळल्यानं नष्ट होत नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचं उलटी घडवणारं विष तर त्याहून चिवट आहे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते जात नाही. चोर पळाला म्हणून त्यानं केलेली चोरी भरून येत नाही. खाल्ल्यावर तास-दोन तासांत, फार तर सहा तासांत भडाभडा उलट्या सुरू झाल्या की डॉक्टरांना आधी या दोन विषांचा संशय येतो.

'वास घेऊन बघितला, चांगला होता.' हेही ऐकतो. अन्नाला आंबूस वास आणणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगवेगळे असतात. वास आला तर फेका हे बरोबर. वास आला नाही म्हणून खा हे बरोबर नाही. आणि 'आपल्या मसाल्यांमुळे टिकतं' म्हणाल, तर भाजीत पडणाऱ्या प्रमाणात मसाला जंतूंना रोखू शकत नाही. उलट मिरी, धणे यांच्यासोबत बीजाणू येऊ शकतात.

तास कसे मोजायचे?

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरमागरम ठेवा, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे नियम तर हवा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा फक्त १ तास देतात. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूरच काय, आपलं पुण्या-मुंबईचं स्वयंपाकघरही ३२ च्या वरच असतं. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात हिशोब १ तासाचा.

घड्याळ सुरू होतं ते चिकन आचेवरून उतरल्यावर, तुम्ही जेवायला बसल्यावर नाही. हॉटेलातून पार्सल आणलं असेल तर वाटेतला वेळ धरा. तंदूरमधून काढून दुकानाच्या काचेमागे टांगून ठेवलेल्या कोंबडीचं घड्याळ कधी सुरू झालं हे तुम्हाला कळणारच नाही. ती आणली तर त्याच वेळी खा, उरवू नका.

आता फ्रिजबद्दलचा एक हट्ट. 'गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये' हे आपल्या आज्यांनी सांगितलं आणि आपण पाठ केलं. मग आपण चिकन 'गार होऊ दे' म्हणून ठेवतो, टीव्हीवर सिनेमा लागतो आणि आठवण येते ती सकाळी. चिकन वाफाळतं असताना आत ढकलू नका, एवढंच पाळा. हाडांवरून सोडवून दोन-तीन बोटं उंचीच्या पसरट डब्यांत भरलं की अर्ध्या तासात वाफ जाते. मग कोमट असलं तरी फ्रिजमध्ये जाऊ द्या. फ्रिजचं काहीही बिघडत नाही. खोल पातेलं मात्र तसंच्या तसं ठेवू नका. त्याचा मधला भाग फ्रिजमध्येही कित्येक तास कोमट राहतो.

फ्रिजमध्ये किती दिवस? अमेरिकेत ३ ते ४ दिवस सांगतात, ब्रिटनमध्ये २. आपल्याकडे वीज जाते, फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं आणि आत पाय ठेवायला जागा नसते इतकं सामान असतं. म्हणून मी माझ्या रुग्णांना २ दिवस सांगतो. त्याहून जास्त ठेवायचं तर पहिल्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका, तिसऱ्या दिवशी 'आता कुठे टाकू' म्हणून नव्हे. फ्रीझर जंतूंना झोपवतो, मारत नाही.

इंग्रजांचा पाय आणि आपला ओटा

उरलेल्या चिकनचा पाय करण्याची टूम आपल्याकडे यूट्यूबवरून आली आहे. ओव्हन घरोघरी आले, मुलांना मश्रूम आणि चीज आवडू लागलं. माझा त्याला विरोध नाही. ब्रिटनमध्ये रविवारी कोंबडी किंवा मांसाचा मोठा तुकडा भाजायचा आणि सोमवारी उरलेल्याचा पाय करायचा, ही जुनी काटकसरीची रीत आहे. १८६१ साली पुस्तकरूपात आलेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध ग्रंथात उरलेल्या थंड मांसाच्या पाककृती स्वतंत्रपणे दिल्या आहेत. तिथं उरलेलं खाणं ही लाजेची बाब नव्हती. ते गृहिणीचं कसब मानलं जाई. आपल्या फोडणीच्या पोळीचं आणि फोडणीच्या भाताचं हेच नातं.

पण ती कृती त्यांच्या हवेतली आहे, हे आपण विसरतो. इंग्लंडात घराच्या थंड बाजूला कोठीची खोली असायची आणि वर्षातले बरेच महिने ती आपल्या दिवाळीच्या पहाटेपेक्षाही गार. 'चिकन पूर्ण गार होऊ द्या' हे वाक्य तिथं तासाभराचं काम आहे. आपल्या ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात चिकन ३५ अंशांच्या खाली कधी येणारच नाही. ते जंतूंसाठी ऊबदार पाळणा होऊन बसेल. कृती उचलताना हवा उचलता येत नाही.

म्हणून पाय करायचाच तर असा करा. रात्री जेवण झालं की लगेच, हात साबणानं धुऊन, स्वच्छ चमच्यानं किंवा सुरीनं मांस हाडांवरून सोडवा आणि पसरट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. हाडांचं सूप करायचं असेल तर तेव्हाच उकळायला ठेवा, गाळा, लहान भांड्यांत ओता, भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी चौघांसाठी साधारण ३०० ग्रॅम चिकन घ्या. कांदा, गाजर, मटार, असल्यास मश्रूम थोड्या तेलावर परता. दोन चमचे मैदा किंवा कणीक टाकून भाजा, त्यात एक वाटी दूध आणि एक वाटी कालचं सूप घालून दाटसर सॉस करा, मिरपूड घाला. चिकन शेवटी थेट फ्रिजमधून काढून घाला आणि सॉसला चांगली उकळी येऊ द्या. मग भांड्यात ओतून वर आवरण घाला आणि २०० अंशांवर अर्धा तास, कडेनंच नव्हे तर मधोमध बुडबुडे येईपर्यंत भाजा. वरून सोनेरी दिसणारा पाय आतून कोमट असू शकतो. रंगावर जाऊ नका, वाफेवर जा. मायक्रोवेव्हमध्ये काही गरम करताना मध्ये एकदा ढवळायला सांगतो तेही याचसाठी. तो एका जागी चटका देतो आणि दुसऱ्या जागी गार ठेवतो.

आणि पाय एका जेवणात संपेल एवढाच करा. उरलेल्याचं उरलेलं पुन्हा उरवायचं नाही.

आरोग्याच्या दृष्टीनं या पदार्थात चिकन हा निर्दोष भाग आहे. शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं असतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे निम्मी गरज तिथंच भागते. दोष असलाच तर मैदा आणि लोण्याच्या खाली-वर दोन थरांत आहे. एकच वरचा थर ठेवा किंवा कुस्करलेल्या बटाट्याचा पातळ थर द्या. मधुमेह असेल तर बटाटाही हिशोबात धरा, त्या जेवणात पोळी-भात कमी करा आणि शेजारी मोठी वाटी कोशिंबीर घ्या. गंमत बघा, लोक मला शिळ्या चिकनबद्दल विचारतात. २०० ग्रॅम लोण्याबद्दल कोणी विचारत नाही.

'पण शास्त्रात शिळं वर्ज्य आहे'

हा आक्षेप मी आदरानं घेतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहार सांगताना 'यातयाम' हा शब्द येतो. अनेक अनुवादक त्याचा अर्थ 'शिजवून एक प्रहर उलटलेलं' असा करतात. प्रहर म्हणजे सुमारे ३ तास. म्हणजे तिथंही हिशोब तासांचाच होतो. फ्रिज नसलेल्या काळात, उष्ण प्रदेशात हा नियम अगदी शहाणपणाचा होता. त्यातले तास गाळून फक्त 'शिळं' हा शब्द उचलला आणि त्याची भीती केली ती आपण. याच देशात गुजरात-राजस्थानात शीतळा सातमला मुद्दाम आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण जेवतात, हेही लक्षात असू द्या.

ही भीती कोणाच्या ताटात जाऊन पडते?

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

'आम्ही शिळं खात नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्या घरांत उरलेलं जातं कुठं? नीट बघितलंत तर दोन उत्तरं मिळतील. एक, घरातली बाई दुपारी एकटी असताना ते गुपचूप संपवते. 'टाकवत नाही हो' म्हणते. दोन, घरकामाला येणाऱ्या मावशींना ते डब्यात दिलं जातं. आणि देताना दिवस मोजलेले नसतात. रविवारचं चिकन सोमवारी 'बघू' म्हणून राहतं, मंगळवारीही कोणी हात लावत नाही आणि बुधवारी 'मावशी, घेऊन जा, मुलांना होईल' म्हणून दिलं जातं. मावशी ते पिशवीत घालून आणखी दोन घरची कामं करतात. त्यांच्या घरी पोचेपर्यंत आणखी चार तास झालेले असतात, तेही उन्हात. घरी फ्रिज असेलच असं नाही.

दवाखान्यात मला अशी माणसं भेटतात. उलट्या-जुलाबांनी डोळे खोल गेलेली बाई, सोबत तिची दोन मुलं, तिघांचीही तीच तक्रार. काय खाल्लं विचारलं की आधी सांगत नाहीत. कारण देणारी 'चांगली बाई' असते आणि तिचं नाव खराब करायचं नसतं. त्या आजारपणाचे दोन दिवसांचे पैसे कापले जातात, ते वेगळंच.

जे तुम्ही स्वतःच्या नातवाला भरवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देणं याला दान म्हणत नाहीत. कचऱ्याचा डबा तुम्ही दुसऱ्याच्या घरी हलवलात, इतकंच. द्यायचं असेल तर पहिल्या रात्रीच वेगळा डबा भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि सोमवारी सकाळी 'कालचं आहे, घरी जाऊन लगेच गरम करून खा' असं सांगून द्या. त्यांना वाटेत इतर कामं असतील तर डबा देऊ नका, तुमच्याच घरी गरम करून ताटात वाढा. त्यात तुमची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आणि उरलेलं फेकणं हे मोठं शुद्ध वागणं आहे असंही समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. दुसरीकडे दूषित अन्नानं दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसं आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ सालचा अंदाज आहे. चांगलं फेकणं आणि वाईट खाणं, हे दोन्ही एकाच निष्काळजीपणातून होतं.

त्रास झालाच तर

बहुतेकांचा त्रास एक-दोन दिवसांत आपोआप थांबतो. शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढणं हाच मुख्य उपचार. पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात ओआरएस मिसळा आणि घोट-घोट पीत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना देऊ नका, आणि शौचातून रक्त जात असेल किंवा जोराचा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका.

पुढीलपैकी काही दिसलं तर घरी थांबू नका: शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी येणं, पाणीही पोटात न ठरणं. गर्भवती, तान्ही बाळं, सत्तरीपुढचे आजी-आजोबा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि केमोथेरपी सुरू असलेले यांनी ही लक्षणं दिसायची वाटही बघू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावं. याच लोकांना उरलेलं चिकन द्यायचं तर दुसऱ्याच दिवशी आणि वाफाळतं गरम करून द्या. गर्भवतींना फ्रिजमधलं मांसाहारी गार तसंच देऊ नका, कारण लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

पुढच्या रविवारी चिकन केलंत तर एवढं करा. जेवायला बसण्याआधीच एक रिकामा पसरट डबा ओट्यावर काढून ठेवा. ताटं उचलायच्या आधी उरलेलं त्यात भरा, झाकणावर दिवस आणि वेळ लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग सोमवारी त्याचा पाय करा, पोळीत गुंडाळून खा नाहीतर रस्सा करा. आणि 'शिळं म्हणजे विष' हा मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी विचारा, 'किती तासांचं?'